किटली तुमच्या हातात होती

नाना, लखनने तुमचा फोटो मोठा करून आणलाय. तुम्ही त्याला तसबीर म्हटलं असतंत आणि तो तुमच्या तोंडाकडे बघत राहिला असता. सोनेरी चौकट आहे, आणि खाली हिंदीत ठसठशीत अक्षरांत लिहून घेतलंय, 'उन्नीस वर्ष. एक बूँद नहीं.' उद्या रविवारी अकरा वाजता हा फोटो आपल्या बिजौलीच्या खोलीत लागणार. हार घालायला काकूंना बोलावलंय. आणि चार शब्द बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण तुमच्यामागे आपल्या बैठकीत एकही घोट न घेता सगळ्यात जास्त दिवस माझेच. दारू सोडून सहा वर्षं आणि दोन महिने.

ते चार शब्द लिहायला बसलो होतो. हिंदीत दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. शेवटी म्हटलं, सरळ नानांनाच लिहावं, आणि नानांना लिहायचं तर मराठीतच लिहायला हवं. माझ्या मराठीला हिंदीची फोडणी आहे म्हणून सहा वर्षं चिडवलंत मला. आता चुका काढायला तुम्ही नाही आहात, तेव्हा येईल तशी लिहितो.

अडचण अशी आहे की ती फोटोखालची ओळ खोटी आहे. ती खोटी आहे हे माहीत असलेली माणसं दोनच, तुम्ही आणि मी. तुम्हाला ते सांगायचं होतं. मी सांगू दिलं नाही. आणि तुम्ही गेलात. तेरावं मंगळवारी झालं, आज शनिवार आहे, आणि उद्या मला त्या चौकटीशेजारी उभं राहून तोंड उघडायचंय.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तो दिवस आठवतो का? कारखान्यात वॅगनखाली काम चालू असताना माझ्या हातून जॅक सुटला होता. शेजारचा माणूस चार बोटांच्या अंतराने वाचला. मी तेव्हा सकाळचीच घेऊन गेलेलो. मंजू मुलींना घेऊन भुसावळला निघून गेली होती. कोणीतरी सांगितलं की बिजौलीत एका बंद पडलेल्या कारखान्याच्या खोलीत दारू सोडलेली माणसं दर रविवारी बसतात आणि नव्या माणसाला धरून ठेवतात. माझ्या घरापासून, नगऱ्यापासून, इतक्या लांब मी मुद्दाम गेलो. झाशीत मराठी घरं ती किती, एक शिंकला तर दुसरा रुमाल काढतो. माझं पिणं गणपतीच्या मंडपात चघळलं जात होतंच, माझं सोडणंही चघळायला द्यायचं नव्हतं. बिजौलीत सगळे हिंदीवाले असणार, कोणी ओळखीचं निघणार नाही, असा माझा हिशेब. मी हळूच नाव सांगितलं आणि कोपऱ्यातून शुद्ध मराठीत आवाज आला, "भुसावळचे का तुम्ही?"

उठून पळावंसं वाटलं होतं, खरं सांगतो.

तुम्ही पळू दिलं नाहीत. माझ्या हातात चहाची किटली दिलीत. खोलीचा नियम तुम्हीच घातलेला, भिंतीवर कुठे लिहिलेला नाही पण सगळ्यांना पाठ: जिसके दिन सबसे कम, केतली उसके हाथ. ज्याला दारू सोडून सगळ्यात कमी दिवस झाले, त्याने सगळ्यांना चहा द्यायचा. माझा तिसरा दिवस होता. हात असे थरथरत होते की निम्मा चहा हवालदारसाहेबांच्या पँटीवर गेला. ते निवृत्त पोलीस, मिशा ह्या एवढ्या, मला वाटलं आता कानफटात बसणार. त्यांनी नुसते पाय बाजूला घेतले आणि कप पुढे धरला. तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "सांडू दे. चहाच आहे."

पुढे कधीतरी तुम्ही नियमाचं कारण सांगितलंत. "हात थरथरतो म्हणून माणूस लाजतो, लाजतो म्हणून घरी बसतो, आणि घरी बसला की पितो. म्हणून आपल्याकडे थरथर सगळ्यांसमोर चालवायची." नियमाचा दुसरा उपयोग मला स्वतःलाच कळला. पहिल्या वर्षात मी दोनदा घसरलो. दोन्ही वेळा रविवारी गेलो, पण 'मी प्यालो' हे तोंडातून निघेना. मग गुपचूप उठलो आणि नव्या माणसाच्या हातातून किटली घेतली. बास. अख्ख्या खोलीला कळलं. कोणी का विचारलं नाही, कुठे विचारलं नाही, एकेकाने कप पुढे केला. तुमचा कप सगळ्यात शेवटी आला होता आणि तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "आलास ना, झालं तर."

त्या एका वाक्यावर मंजू परत आली, मुलींच्या शाळा सुरळीत झाल्या, नोकरी राहिली. तुमचे आभार मी कधी मानले नाहीत. तुम्ही मानू दिले नसतेत, 'शाल-श्रीफळ आणलंयस का' म्हणून थट्टा केली असतीत. आता मानतो. ऐकून घ्यावं लागेल.

आता त्या रविवाराचं लिहितो. होळीनंतरचा दुसरा रविवार. होळी आपल्या लोकांना वाईट, एक-दोन जण दरवर्षी घसरतात. या वर्षी दुबे मास्तर घसरले. अकरा महिने पूर्ण करून. ते पुन्हा आलेच नव्हते, त्यामुळे सगळ्यात कमी दिवस लखनचे, चार महिने. लखन किटली घेऊन उठला आणि तुम्ही पुढे होऊन ती त्याच्या हातातून घेतलीत. "ला लखन, आज मैं दूँगा."

लखनचे डोळे भरून आले. हवालदारसाहेब म्हणाले, "देखो, इसे कहते हैं बड़प्पन. उन्नीस साल हो गए, और आज भी झुकना जानते हैं." कोणीतरी मोबाइलवर तुमचा फोटो काढला. तोच फोटो आता मोठा करून आणलाय, नाना. नीट बघितलं तर खाली उजव्या कोपऱ्यात किटलीची तोटी दिसते.

खोलीत तुमच्याशिवाय चौदा माणसं होती. चौदाही जण किटलीचा अर्थ जाणणारे. बाहेरचा कोणी असता तर म्हणाला असता, म्हातारबाबांना आज काय झालं? विचारलं तरी असतं त्याने. आम्ही मात्र तुम्हाला इतकं उंच नेऊन बसवलं होतं की आपलीच खूण आम्हाला वाचता आली नाही. तेरा जणांनी तिला मोठेपणा म्हटलं.

मला कळलं. किटलीचं झाकण वाजत होतं. तुम्ही माझ्यापाशी आलात तेव्हा मी कप पुढे केला आणि वर बघितलं नाही.

बैठक संपल्यावर तुम्ही म्हणालात, चल लक्ष्मी तालावर. तिथे तळ्याच्या पायरीवर बसलो. ऊन कडक होतं. मी विचारलं, "कधी?"

"मंगळवारी."

"कशामुळे?"

"कशामुळे नाही. तेच तर. दुःख नाही, भांडण नाही, काही नाही. काकू गणपतीच्या देवळात गेल्या होत्या. मी भाजी आणायला निघालो. त्या दारूच्या ठेक्यावरून एकोणीस वर्षं चालत गेलोय मी, सुरेश. त्या दिवशी आत गेलो."

मला राग आला. आता लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी दया आली नाही, रागच आला. तुम्ही म्हणालात, "येत्या रविवारी तोंडाने सांगतो सगळ्यांना. किटलीनं सांगून बघितलं, कोणी ऐकलं नाही." आणि मी म्हणालो, "नका सांगू."

तुम्ही चकित होऊन बघितलंत. मी म्हटलं, नाना, ही माणसं तुमच्याकडे बघून उभी आहेत. लखन रोज सकाळी ऑटो काढताना तुमचं नाव घेतो. तुम्हीच पडलात म्हटल्यावर चौदातले चार तरी त्याच संध्याकाळी ठेक्यावर जातील. तुम्ही म्हणालात, "आणि दुबे मास्तर? तो एकटाच घरात कोंडून बसलाय. त्याला कळलं की मी पण, तर येईल तो." मी म्हटलं, एका माणसासाठी चौदा घालवायचे का? मग म्हणालात, "मला वर चढवून बसवलंत, ठीक. आता उतरायला शिडी तरी द्या रे."

मी शिडी दिली नाही.

चौदा माणसांचं मी बोललो ते सगळं खोटं होतं, नाना. मला भीती माझी वाटत होती. एकोणीस वर्षांनी, काही कारण नसताना, भाजी आणायला निघालेला माणूस आत जाऊ शकतो हे एकदा मोठ्याने बोललं गेलं की माझी सहा वर्षं कशावर उभी राहणार? तुम्ही पडत नाही, या एका गोष्टीवर टेकून मी रोज कामावरून सरळ घरी येत होतो. ती गोष्ट मला सोडवेना. मी तुम्हाला गप्प केलं ते माझ्यासाठी.

त्यानंतर अजून चार रविवार तुम्ही किटली घेतलीत. बोलला काहीच नाहीत. दर वेळी माझ्याकडे एकदा बघायचात, परवानगी मागितल्यासारखं, आणि मी सतरंजीचे दोरे ओढत बसायचो. त्या दिवसांत तुम्ही पुन्हा प्यालात की नाही, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. पाचव्या रविवारनंतरच्या गुरुवारी सकाळी काकूंचा फोन आला. डॉक्टर म्हणाले, हृदय.

एक गोष्ट मात्र मला रोज सकाळी दात घासताना आठवते. चौथ्या रविवारच्या आधी दुबे भाभीजींनी आपल्याला बोलावलं होतं. तुमचे दोन्ही नियम पाळून गेलो: बोलावल्याशिवाय कोणाच्या घरी जायचं नाही, आणि बोलावलं तर एकट्याने जायचं नाही. नगऱ्यातलं त्यांचं घर, मास्तर आतल्या खोलीत कडी लावून. तुम्ही दाराशी उभं राहून हाक मारलीत. आतून आवाज आला, "नानाजी, आप लौट जाइए. आपके सामने आने का मुँह नहीं है मेरा. आपसे तो उन्नीस साल में एक बार नहीं हुआ."

तुम्ही दारावर तळहात ठेवलात. बोलायला तोंड उघडलंत. आणि मी मागून तुमची बाही ओढली.

तुम्ही थांबलात. मास्तरांना एवढंच म्हणालात, "फिर आऊँगा." परत येताना रस्त्यात तुम्ही माझ्यावर चिडाल असं वाटलं होतं. तुम्ही नुसतं म्हणालात, "बाही झटकायला हवी होती मी." तुम्ही माझ्यापेक्षा सव्वीस वर्षांनी मोठे, तुम्ही मला विचारून का वागलात, नाना? कालचा पोर मागून बाही ओढतो आणि तुम्ही थांबता? या एका गोष्टीसाठी मी अजून तुमच्यावर रागावलेलो आहे. भांडायला तुम्ही नाही आहात म्हणून राग जात नाही.

आज सकाळी दुबे भाभीजींचा पुन्हा फोन आला. मास्तर आता शाळेचं नाव काढत नाहीत, जेवत नाहीत. तुम्ही गेल्याचं कळल्यावर म्हणाले, आता तर तिथे नानाजींचा फोटो असेल, फोटोसमोर कोणत्या तोंडाने बसू. आणि मग भाभीजी आवाज बारीक करून म्हणाल्या, "भैया, कल कह रहे थे कि अब जीने से फ़ायदा क्या है. मैंने घर की सब दवाइयाँ पड़ोस में रखवा दी हैं."

मी फोन ठेवला आणि तसाच उठून तुमच्या घरी गेलो. काकूंना विचारल्याशिवाय बोलायचं नाही, एवढी अक्कल मला आहे. त्या तुमचे सदरे घड्या घालून ठेवत होत्या. मला फुलपात्रातून पाणी दिलं. मी आडून आडून सुरुवात केली तर त्या म्हणाल्या, "मला काय सांगतोस? माझ्या नाकाला काय झालंय?"

म्हणजे दोन नव्हे, तीन माणसांना माहीत होतं.

मी मास्तरांचं सांगितलं. म्हटलं, उद्या मला खरं बोलू द्या. त्यांनी हातातला सदरा खाली ठेवला. "नाही," म्हणाल्या. "त्या आधीची वर्षं तू बघितली नाहीस. मंडपात आरतीचं तबक घेऊन पडले होते हे. सगळ्या बायका आधी माझ्याकडे बघत, मग एकमेकींकडे. त्यानंतरची एकोणीस वर्षं मी ताठ मानेनं हळदीकुंकवाला गेलेय. ती वर्षं त्यांची एकट्याची नाहीत, सुरेश. निम्मी माझी आहेत. तुझ्या त्या मास्तरासाठी माझी का देऊ?"

मी फुलपात्र खाली ठेवून उठलो. त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "उद्या बोललास तर पुन्हा या घराची पायरी चढू नकोस."

तर हे असं आहे, नाना. एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला कडी लावलेलं दार. तुम्ही असतात तर काय केलं असतंत, हे विचारण्यातही अर्थ नाही, कारण तुम्हाला काय करायचं होतं हे मला पक्कं माहीत आहे. मंजू दोनदा जेवायला बोलावून गेली. आज घरी येताना वाटेत ठेका लागतो म्हणून मी रस्ता बदलला. सहा वर्षांत बदलावा लागला नव्हता. उठतो आता.

*

आज रविवार. संध्याकाळ झाली आहे. जे झालं ते सांगतो.

खोली भरली होती. जुने, ज्यांनी यायचं सोडलं होतं तेही आले होते. काकूंना पुढे खुर्ची दिली, त्यांच्या मांडीवर हार. माझ्याकडे त्यांनी एकदा बघितलं आणि मग समोर भिंतीकडे. हवालदारसाहेब बोलले, लखन रडला. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठून चौकटीशेजारी उभा राहिलो.

पहिलं वाक्य मी रात्रभर घोकलं होतं, ते विसरलो. जे आलं ते बोललो. "नानाजी आप सबसे एक बात कहना चाहते थे. मैंने उन्हें कहने नहीं दी." मग सांगितलं. मंगळवार, ठेका, किटली. लक्ष्मी तालावर मी काय म्हणालो ते. आणि माझ्या स्वतःच्या भीतीपायी म्हणालो, तेही. काकूंकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मी पंख्याकडे बघून बोलत होतो.

लखन ताडकन उठला आणि अर्ध्या हिंदीत, अर्ध्या त्याच्या बुंदेलीत ओरडला. "झूठी बात है! भैया, शरम करो, मरे आदमी पे कीचड़ उछाल रहे हो? नानाजी देवता हते." दोन-तीन जण त्याच्या बाजूने उठले. कोणीतरी मला म्हणालं, तूच प्यायला लागलास काय पुन्हा. मी म्हटलं, वास घेऊन बघ. त्याने खरंच घेतला, नाना. मग लखन काकूंसमोर उकिडवा बसला. "काकी, आप कहो. आप कह दो कि झूठ है, हम इन्हें अभी बाहर करते हैं."

काकूंनी नाही म्हटलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. मला बाहेर काढलं असतं, फोटो लागला असता, एकोणीस वर्षं शाबूत राहिली असती. त्यांना फक्त मान हलवायची होती. त्या हारातली फुलं सारखी करत बसल्या. लखन त्यांच्या तोंडाकडे बघत होता. मी मनात म्हणत होतो, म्हणा नाही, म्हणून टाका, मी जातो. खरंच म्हणत होतो.

"सच है," काकू म्हणाल्या.

मग लखनलाच सांगितल्यासारखं हळू आवाजात म्हणाल्या, "मैं मंदिर से लौटी तो रसोई में ज़मीन पर बैठे थे. भाजी की थैली खाली. बच्चे जैसे रो रहे थे. उस एक दिन पी. उसके बाद नहीं. मैं रोज़ सूँघती थी. जिस दिन गए, उस दिन सैंतीस दिन हुए थे."

सदतीस. मी पाच रविवार सतरंजीचे दोरे ओढत बसलो आणि ते विचारलं नाही. काकू मोजत होत्या. तुम्ही एकट्याने, माझ्या दडपणाखाली, तोंड बंद ठेवून सदतीस दिवस काढलेत, आणि मी समजत होतो की तुम्ही बहुधा पीत असाल. मला माफ करा. हे सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं, म्हणता आलं नाही, बसकण मारली मी तिथेच.

हवालदारसाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "केतली हाथ में लेकर खड़े थे हमारे सामने, और मैं बड़प्पन-बड़प्पन करता रहा." काकू उठल्या, फोटोखालचा कागद स्वतःच्या हातांनी काढला, घडी करून पिशवीत टाकला आणि मग हार घातला. जाताना माझ्यापाशी थांबल्या. मराठीत म्हणाल्या, "झालं तुझ्या मनासारखं?" त्यांच्या घराची पायरी मला बंद झाली की नाही, हे अजून कळलेलं नाही. चार दिवसांनी जाऊन बघीन. दार उघडलं नाही तर परत येईन.

लोक पांगले. दोघे जण कोणाशी न बोलता निघून गेले. ते ठेक्यावर गेले नसतील अशी आशा आहे, रात्री हवालदारसाहेब त्यांच्या घरांवरून चक्कर मारणार आहेत. मला नगऱ्याला जायचं होतं, आणि एकट्याने जायचं नव्हतं. कोणाला विचारू समजेना. बाहेर आलो तर लखन ऑटो चालू करून बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बैठो."

रस्ताभर आरशात त्याचे डोळे दिसत होते, लाल. मला वाटत होतं हा मधेच ऑटो थांबवून मला दोन ठेवून देणार. दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या.

भाभीजींनी फाटक उघडलं. आतलं दार तसंच बंद. मी दाराशी बसलो, जमिनीवर, आणि सगळं सांगितलं. खोलीत सांगताना जेवढं अवघड गेलं त्यापेक्षा हे अवघड गेलं, कारण आतून हूं की चूं नाही. तुम्ही याच दाराशी काय बोलणार होतात आणि मी बाही कशी ओढली, तेही सांगितलं. माझं बोलून संपलं. भाभीजी पदराचं टोक चावत उभ्या होत्या. आत काही हलेना. माझ्या मनात नको नको ते आलं. मी दार ठोठावायला हात उचलला.

तेवढ्यात आवाज आला. घोगरा, बऱ्याच दिवसांत न वापरलेला. "पीने के बाद... अगले इतवार आए थे नानाजी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझ्या मागून लखन बोलला.

"आए हते, मास्टरजी. पाँचों इतवार आए हते."

मग आतून कडी काढायची खटपट ऐकू यायला लागली. एकदा निसटली, पुन्हा निसटली. भाभीजी पुढे होणार होत्या, लखनने त्यांना हातानेच थांबवलं. मास्तरांना ती कडी काढायला फार वेळ लागला, नाना. आम्ही थांबलो.